मुंबईतील दैनंदिन जीवनाचे छायाचित्रण

मुंबईतील दैनंदिन जीवनाचे छायाचित्रण ही मुंबई शहरातील रस्ते, समुद्रकिनारे, बाजार, चाळी, रेल्वेस्थानके आणि तेथील सामान्य माणसांचे रोजचे व्यवहार टिपणारी छायाचित्र-परंपरा आहे. तिचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. राजे, राज्यपाल, नटनट्या आणि समारंभ यांच्या छायाचित्रांहून ही परंपरा वेगळी आहे, कारण तिचा विषय म्हणजे काहीही विशेष घडत नसतानाचे शहर होय. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेली माणसे, लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी, ससून डॉकवरील कोळणी, दादरच्या फुलबाजारातील पहाट आणि महालक्ष्मीचा धोबीघाट हे तिचे वारंवार येणारे विषय आहेत.

या छायाचित्रांमुळे मुंबईचा चेहरा जगाला परिचित झाला. मात्र त्यांतील बहुसंख्य माणसांची नावे नोंदली गेलेली नाहीत. छायाचित्रकाराचे नाव, वर्ष व स्थळ उपलब्ध असते. चित्रातील व्यक्ती ‘कोळीण’, ‘हमाल’ किंवा ‘भाजीवाली’ एवढ्याच ओळखीने राहते. ही त्रुटी या परंपरेच्या पहिल्या संग्रहापासून दिसते.

पार्श्वभूमी

समुद्रकाठी वसलेल्या श्रीमंत शहरांची छायाचित्रे दोन प्रकारची असतात. एक प्रकार पाहुण्यांसाठी असतो व दुसरा रहिवाशांचा. भूमध्य समुद्रावरील फ्रान्समधील नीस हे शहर याचे ठळक उदाहरण आहे. इंग्रज पाहुण्यांच्या पुढाकाराने १८२० च्या दशकात तेथे किनाऱ्यालगत फिरण्याचा रस्ता तयार होऊ लागला आणि तो आजही ‘इंग्रजांचा विहारमार्ग’ या अर्थाच्या फ्रेंच नावाने ओळखला जातो. शार्ल नेग्र (१८२०–१८८०) हा आद्य छायाचित्रकार आयुष्याच्या उत्तरार्धात नीसमध्ये स्थायिक झाला होता. झां जिलेता (१८५६–१९३३) याच्या टपालकार्डांनी या किनाऱ्याची कीर्ती दूरवर नेली, तर झाक आंरी लार्तीग (१८९४–१९८६) याने तेथील सुखवस्तू मंडळींचे उन्हाळे टिपले. त्याच काळातील टपालकार्डांवर हॉटेलांच्या रांगेसमोर पायाँ नदीच्या पात्रात कपडे धुणाऱ्या व वाळत घालणाऱ्या धोबिणीही दिसतात. नदीचे शहरातील पात्र पुढे टप्प्याटप्प्याने झाकण्यात आले. त्या बायकांचा पुरावा म्हणून आता प्रामुख्याने ती कार्डेच उरली आहेत.

मुंबईची तुलना नीसशी होते ती मरीन ड्राइव्हमुळे. बॅकबे भागात समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३० व १९४० च्या दशकांत आर्ट डेको शैलीतील इमारतींची ओळ उभी राहिली. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नीसला ती २०२१ मध्ये मिळाली. साम्य येथे संपते. नीसचा विहारमार्ग पाहुण्यांनी पाहुण्यांसाठी घडवला, तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांत त्या इमारतींत राहणारे थोडे आणि दहा बाय दहाच्या खोलीतून हवा खायला आलेले फार असतात. मुंबईच्या छायाचित्रकारांना हा कठडा इतका प्रिय का, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

इतिहास

स्टुडिओतील रस्ता (१८५४–१८९५)

बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. ती भारतातील पहिली छायाचित्रण-संस्था मानली जाते. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्याशी संबंधित होते आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवणारे हरिचंद चिंतामण हे त्याच वर्गात शिकले.

विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक काढले. त्याच्या अंकांना मूळ छायाचित्रे चिकटवलेली असत. त्यांत मुंबईच्या वास्तूंबरोबर विविध जातींचे व व्यवसायांचे लोक त्यांच्या पोशाखासह दाखवलेले होते. याच सामग्रीतून जॉन्सनने ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ दोन खंडांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केला.

या ग्रंथातील चित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. माणसे रस्त्यावर, देवळापुढे किंवा तळ्याकाठी उभी असल्याचे दिसते, परंतु प्रत्यक्षात ती तेथे उभी नव्हती. त्यांची छायाचित्रे वेगळी घेतली जात, आकृती कापून काढल्या जात व दुसऱ्या देखाव्याच्या छायाचित्रावर त्या बसवल्या जात. ओल्या काचपट्टीच्या तत्कालीन पद्धतीत प्रकाशनास काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात हलणारे माणूस पुसट होई किंवा नाहीसेच होई. त्यामुळे गजबजलेला रस्ता कॅमेऱ्याला रिकामा दिसे आणि त्यात माणसे मागाहून आणून ठेवावी लागत. तांत्रिक अडचण हे यामागचे एक कारण होते. माणसाला त्याच्या जातीचा वा धंद्याचा नमुना म्हणून पाहण्याची वसाहतकालीन वृत्ती हे दुसरे, आणि ते अधिक टिकाऊ ठरले.

ग्रंथाचा पहिला खंड निघाला त्याच वर्षी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील हे पहिले नगरवर्णन होय. बाजार, धंदे, सण, गर्दी, पाण्याची सोय अशी शहराची हालचाल माडगावकरांनी शब्दांत पकडली. तत्कालीन मुंबईच्या अभ्यासकाने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत: एकात चेहरे आहेत पण चाल नाही, दुसऱ्यात चाल आहे पण चेहरे नाहीत.

हातातील कॅमेरा (१८९६–१९४७)

कोरड्या काचपट्ट्या आणि हातात धरता येण्याजोगे कॅमेरे आल्यावर रस्त्यावरील क्षण टिपणे शक्य झाले. मुंबईत ही सोय आली आणि लगोलग प्लेगही आला. १८९६–९७ च्या साथीतील कामाची छायाचित्रे कॅप्टन सी. मॉस यांच्या नावे जतन झालेली आहेत. प्लेग समितीचे कार्य दाखवणे हा त्यांचा हेतू होता. तथापि तपासणीसाठी घराबाहेर काढलेली कुटुंबे, रुग्णालयातील खाटा आणि फवारलेल्या भिंती यांमुळे गरीब वस्त्यांचे अंतरंग प्रथमच कॅमेऱ्यासमोर आले. सामान्य मुंबईकराचे घर प्रथम चित्रित झाले ते असे, सरकारी झडतीच्या वेळी.

१८९६ सालीच लाला दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. तेथे दरबारी व प्रतिष्ठित ग्राहकांची छायाचित्रे निघत. त्याच वर्षी ७ जुलै रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. मुंबईतील स्टुडिओमालक हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी त्यानंतर इंग्लंडहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्ती त्यांनी चित्रित केली. स्थिर छायाचित्राच्या इतिहासात तिची नोंद सहसा होत नाही, पण मुंबईतील सामान्य माणसाची हालचाल मराठी माणसाने कॅमेऱ्यात धरल्याचे हे पहिले उदाहरण म्हणून ती येथे आवश्यक आहे.

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे नाव दिल्लीतील नेतेमंडळींच्या छायाचित्रांशी जोडले जाते. त्यांच्या कामाची सुरुवात मात्र मुंबईत, १९३० च्या दशकाच्या अखेरीस झाली. सर ज. जी. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी मैत्रिणी, सहली, रस्ते आणि नोकरीधंदा करणाऱ्या स्त्रिया यांची छायाचित्रे घेतली. ती ‘बॉम्बे क्रॉनिकल’ व ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या पत्रांत छापून आली, परंतु आरंभी पती माणेकशॉ यांच्या नावाने. चित्रातील माणसांप्रमाणेच येथे चित्र काढणारीही काही काळ निनावी राहिली. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

स्वातंत्र्योत्तर काळ

मध्यमवर्गीय मराठी घरांत कॅमेरा आला तो प्रामुख्याने ‘आगफा क्लिक थ्री’च्या रूपाने. एका रोलवर बारा छायाचित्रे निघत, त्यामुळे प्रत्येक छायाचित्र जपून काढले जाई आणि त्यात राणीची बाग, चौपाटी व गेटवे यांचा क्रम आधी लागे. व्यावसायिकांच्या संग्रहांइतकाच हा घरगुती ऐवज महत्त्वाचा आहे. त्यातील चेहऱ्यांची नावे घरातल्यांना ठाऊक असतात. दुर्दैवाने तो जुन्या अल्बमांतून पत्र्याच्या पेट्यांमध्ये, दमट हवेत, बुरशीने खराब होत आहे.

अमेरिकी छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांचे कामाठीपुऱ्यालगतच्या वस्तीवरील ‘फॉकलंड रोड’ (१९८१) हे पुस्तक गाजले आणि वादग्रस्तही ठरले. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांच्या ‘बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया’ (१९९४) या पुस्तकात रंगीत छायाचित्रणाचा प्रौढ आविष्कार आढळतो. दुकानांच्या काचा, आरसे व मोटारींच्या खिडक्या यांतून एकाच चौकटीत अनेक थर आणण्याची त्यांची पद्धत मुंबईच्या दाटीला शोभणारी होती. १९९५ मध्ये रघू राय व ब्राझीलचे सेबास्तिआंव सालगादो या दोघांनीही चर्चगेट स्थानक टिपले. दोघांच्याही चित्रांत गर्दी वाहत्या धुरासारखी दिसते. राय यांच्या चित्रात मात्र त्या धुरात वर्तमानपत्र वाचणारी माणसे स्थिर आहेत. जॉन्सनच्या काळी दीर्घ प्रकाशनाने माणसे नाहीशी होत, हा दोष होता. येथे तेच हेतुपूर्वक केले गेले आहे.

मुंबईत राहून अनेक वर्षे काम केलेल्यांत सुनी तारापोरवाला व केतकी शेठ यांची नावे अग्रक्रमाने येतात. तारापोरवाला यांनी १९७० च्या दशकापासून पारशी कुटुंबे व शहर यांची छायाचित्रे घेतली. शेठ यांचे ‘बॉम्बे मिक्स’ हे पुस्तक २००७ चे आहे. मराठी छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर दीर्घकाळ काम केले. गटारात उतरलेला कामगार हा मुंबईच्या ‘रम्य’ चित्रसंग्रहात न बसणारा विषय होता. ओलवे यांनी कामगारांच्या घरापर्यंत जाऊन त्यांचे कुटुंब, आजार व मृत्यू यांचीही नोंद केली, म्हणूनच त्यांच्या कामात माणूस नमुना म्हणून उरत नाही. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. २०१७ च्या ससून डॉक कला प्रकल्पात तेथे राबणाऱ्या लोकांची मोठी कृष्णधवल छायाचित्रे गोदीच्याच भिंतींवर लावली होती. आपलेच चेहरे पाहण्यासाठी त्यांना कलादालनात जावे लागले नाही.

किरण राव यांच्या ‘धोबी घाट’ (२०१०) या चित्रपटात शहरातील छोटे धंदे टिपणारी एक श्रीमंत हौशी छायाचित्रकार आणि धोब्याचे काम करणारा तरुण यांचे नाते आहे. टिपणारा व टिपला जाणारा यांतील अंतर हा त्याचा एक प्रमुख धागा आहे.

गेटवेवरील फिरते छायाचित्रकार

गेटवे ऑफ इंडियाच्या प्रांगणात पर्यटकांची छायाचित्रे काढून देणारे व्यावसायिक हा या परंपरेतील सर्वांत दुर्लक्षित वर्ग आहे. फिल्मच्या काळात छायाचित्र काढून, पैसे व पत्ता घेऊन प्रत टपालाने पाठवण्याची रीत होती. पुढे झटपट प्रत देणारे पोलरॉइड कॅमेरे आले आणि नंतर डिजिटल कॅमेऱ्यासह खांद्यावर छोटा छपाईयंत्र बाळगणारे छायाचित्रकार दिसू लागले. मोबाइल फोनमुळे त्यांचा धंदा बराच घटला. चौकट ठरलेली असते: मागे गेटवेची कमान किंवा ताजमहाल हॉटेलचा घुमट, पुढे नव्या कपड्यांत सरळ उभे राहिलेले कुटुंब. कलासमीक्षक या छायाचित्रांकडे वळत नाहीत. परंतु महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत मुंबईचे जे छायाचित्र भिंतीवर टांगलेले असते, ते बहुधा याच जातीचे असते.

शहापूर व मुरबाड तालुक्यांचा संबंध

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. तरीही मुंबईच्या दैनंदिन छायाचित्रांत ते सतत उपस्थित असतात, फक्त त्यांचा उल्लेख होत नाही.

याचे पहिले उदाहरण दादरचा बाजार. पावसाच्या सुरुवातीस शेवळे, मग टाकळा, भारंगी यांसारख्या रानभाज्या, गौरी-गणपतीत तेरडा, दसऱ्याला आपट्याची पाने आणि एरवी पळसाची पाने घेऊन ठाकर, कातकरी, वारली आदी समाजांतील स्त्रिया कसारा मार्गावरील लोकलने पहाटे मुंबईकडे निघतात. कसारा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२० किलोमीटर आहे. शहापूरसाठी आसनगाव हे जवळचे स्थानक. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही, त्यामुळे तेथून आधी कल्याण गाठावे लागते. सणाच्या आदल्या दिवशी वृत्तपत्रांत हिरव्या भाऱ्यांमागे बसलेल्या स्त्रीचे छायाचित्र हमखास येते. ओळीत ‘दादर येथे खरेदीसाठी झुंबड’ असा मजकूर असतो. खरेदी करणाऱ्यांचा उल्लेख होतो, विकणारीचे गाव येत नाही.

दुसरे उदाहरण पाण्याच्या वाहिन्यांचे आहे. अजस्र जलवाहिनीवरून चालत जाणारी मुले हे मुंबईच्या गरीब वस्त्यांचे जगभर छापले गेलेले दृश्य आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा (१८९२) व भातसा हे शहापूर तालुक्यात आहेत आणि एकट्या भातशाचा वाटा सुमारे निम्मा आहे. शहराला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते, तर शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात डोक्यावर तीन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र ‘ग्रामीण महाराष्ट्र’ या सदरात छापले जाते आणि जलवाहिनीवरच्या मुलांचे ‘मुंबई’ या सदरात. एकाच पाण्याची ही दोन चित्रे एकत्र क्वचितच छापली जातात.

उलट दिशेचा प्रवासही आहे. मुंबईत कामास गेलेले आप्त आणि शाळेच्या सहली यांच्या निमित्ताने गेटवेवरील छायाचित्रे या तालुक्यांतील घरांत पोहोचली. पावसाळ्यात मुंबईकर पर्यटक माळशेज घाट, नाणेघाट व माहुली किल्ला येथे कॅमेरे घेऊन येतात. त्यांच्या चित्रांत धबधबे असतात, धुके असते. भातलावणीला वाकलेली माणसे बहुतेकदा दूरवर, हिरव्या रंगावरील ठिपक्यांसारखी. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी, गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेली जत्रा हाही छायाचित्रकारांचा अलीकडचा आवडता विषय आहे. महाराष्ट्रातील जत्रांत पूर्वी रंगवलेल्या पडद्यापुढे फोटो काढून देणारे तंबू असत. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता तेही अशा पडद्यापुढे आगबोटीत किंवा विमानात बसत. जॉन्सनच्या स्टुडिओत छायाचित्रकार माणसाला कापून हव्या त्या देखाव्यात बसवत असे; जत्रेतल्या तंबूत देखावा निवडण्याचा अधिकार निदान गिऱ्हाइकाकडे होता.

हक्क व संमती

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार छायाचित्राचा हक्क सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराकडे असतो. नोकरीच्या अटीवर काढलेल्या छायाचित्रांस वेगळे नियम लागू होतात. रस्त्यावर टिपल्या गेलेल्या व्यक्तीला त्या छायाचित्रावर या कायद्याने कोणताही हक्क मिळत नाही; तिची प्रतिमा कोटींच्या संख्येने छापली गेली तरी मोबदला देण्याचे बंधन त्यात नाही. परंतु याच कायद्याच्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे: मोबदला देऊन एखाद्याने स्वतःसाठी छायाचित्र काढून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला हक्कदार पैसे देणारा असतो. याचा अर्थ असा की दादरच्या बाजारात टिपल्या गेलेल्या भाजीवालीचे गाजलेले छायाचित्र तिचे नसते, पण तिने गेटवेवर पैसे मोजून काढून घेतलेले छायाचित्र कायद्यानेही तिचेच असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांची संरक्षण-मुदत इतर कलाकृतींप्रमाणे निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी झाली. पूर्वी ती प्रकाशनापासून ६० वर्षे होती.

दस्तऐवज म्हणून मूल्य

रोजचे म्हणून ज्यांकडे दुर्लक्ष झाले अशी छायाचित्रे ती वस्तू नाहीशी झाल्यावर मोलाची ठरतात. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले. बेस्टची जुन्या धाटणीची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये आणि ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. या प्रत्येक वेळी वृत्तपत्रांना जुनी छायाचित्रे शोधावी लागली, आणि ट्रामच्या मागे योगायोगाने आलेली दुकानाची पाटी किंवा पदपथावरील माणूस हाच अभ्यासकांच्या उपयोगाचा भाग ठरला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पुराची पुष्कळशी छायाचित्रे रहिवाशांनी स्वतः काढलेली आहेत.

मुंबईत छायाचित्रांची प्रदर्शने जहांगीर कलादालन व राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातील छायाचित्रांसाठीच वाहिलेले पिरामल कलादालन येथे भरतात. घरगुती अल्बम मात्र कुटुंबांकडेच राहतात. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नाव, नाते, गाव व वर्ष लिहिण्याची जुन्या घरांतील सवय अशा अल्बमांना वाचनीय ठेवते. शाईचे पेन वापरल्यास डाग पुढच्या बाजूस उमटतो.